तोंडातल्या टाचण्या

प्रिय ठमे,

तुझं पत्र येऊन दोन महिने झाले. डॉक्टरांनी तुला कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन करायला सांगितलंय, तीन महिने आईला तुझ्याकडे नेशील का, एवढंच विचारलं होतंस. आणि मी फोनवर नुसतं ‘पाठीचं बघून सांगते’ म्हणत तुला टोलवत राहिले. आज उत्तर लिहायला बसलेय तर बूड एका जागी ठरत नाही. दोनदा उठून खिडकी लावली, दोनदा उघडली. टेबलाखाली उजवा पाय शिलाई मशीन चालवल्यासारखा हलतोच आहे, त्यामुळे अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. सांभाळून घे.

आधी पाठीचं सांगते. गेल्या वर्षी दुकानात कापडाचा तागा उचलायला वाकले आणि तशीच अडकले. तुझ्या भाऊजींनी मला वाकड्या अवस्थेतच गाडीत भरलं. दुखणं उतरल्यावर डॉक्टर म्हणाले, आता पिलाटेस शिका. चौकशी केली तर तो चटईवर आडवं पडून करायचा व्यायाम निघाला. मी म्हटलं, पन्नाशी उलटली, आता लोळायला शिकवणी कशाला लावायची? टाळता टाळता चार महिन्यांपूर्वी गेले एकदाची.

शिक्षिका पंचविशीची पोर. उताणं पडायचं, गुडघे वर, श्वास सोडत पोट आत घ्यायचं आणि एकेक मणका सुटा करत कंबर उचलायची. ऐकायला सोपं. मला श्वासच सोडता येईना. तिने विचारलं, तोंडात काही आहे का? मग माझ्या लक्षात आलं. तीस वर्षं मी गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर वाकताना ओठांत टाचण्या धरल्यात. श्वास सोडला की त्या पडतात. त्यामुळे जोर लावायची वेळ आली की माझं तोंड आपोआप मिटतं, आणि सगळा भार बिचाऱ्या कमरेवर. शिवाय मशीनचा उजवा पाय दणकट, डावा नुसता पाहुणा. एका पायावर उभं राहायला सांगितलं तर शेजारच्या बाईंच्या अंगावर गेले. बँकेतून निवृत्त झालेल्या त्या बाई त्या दिवसापासून चटई माझ्यापासून हातभर लांबच टाकतात.

तिसऱ्या दिवशी सोडणारच होते. माझ्या पायाला भिंगरी, हे तुला सांगायला नको. इतकं सावकाश काहीही करायचं म्हटलं की डोकं फिरतं. तरी चिकटून राहिले, आणि तुझं पत्र आल्यावर आठवड्याचे दोनाचे चार दिवस केले. खोटं कशाला बोलू, जादू वगैरे नाही, थंडीत कंबर अजून कुरकुरते. पण सकाळी भिंतीला धरून उठावं लागत नाही. दोन तास मशीनवर बसते, झोप सलग लागते, खाली बसले तर हात न टेकता उठते. डावा पायही आता घरचा झाला.

गिऱ्हाइकांत एक नर्स आहे. तिच्याकडून अंथरुणातल्या माणसाला कसं वळवायचं, कसं बसवायचं, ते शिकून घेतलं. सरावाला तुझे भाऊजी. त्यांना सांगितलं, अंग सैल सोडा आणि अजिबात मदत करू नका. त्यांनी इतकं मनावर घेतलं की घोरायलाच लागले. आई चाळीस किलोंची, हे ऐंशीचे. श्वास सोडत त्यांना कुशीवर वळवलं, बसतं केलं. कंबर गप्प राहिली. म्हणजे आईला मी सांभाळू शकते, ठमे. रोज.

आताच उठून पाणी पिऊन आले. तहान नव्हती.

दोन वर्षांपूर्वी आईला हॉस्पिटलमधून सोडलं आणि तिने कुणाकडे राहायचं हे ठरवायला मी तुझ्याकडे आले, तेव्हा माझी पाठ ठणठणीत होती. पाठदुखीवाले बांधतात तो कमरेचा पट्टा मी तुझ्या जिन्यात, दुसऱ्या मजल्यावर उभी राहून, कपड्यांवरून बांधला. तू दार उघडलंस, पट्टा पाहिलास आणि मी काही बोलायच्या आत म्हणालीस, आई माझ्याकडेच राहील. वर माझ्या पाठीला उशी दिलीस. मी ती घेतली आणि टेकून बसले. भीती वाटली होती गं. आईचं ते लुळं अंग उचलायची, धुवायची भीती. तिने आपल्या दोघींना वाढवलं आणि मला तिला हात लावायची भीती वाटली. मग तिला उचलता उचलता तुझी कंबर गेली.

हे न सांगताही मी आईला आणलं असतं. पाठीचं दुखणं असून ताईने केलं, म्हणून तू जन्मभर माझे गोडवे गायली असतीस. ते मला ऐकवणार नाही, म्हणून हे पत्र. शुक्रवारी सकाळी गाडी घेऊन येतेय. आईच्या औषधांच्या वेळा कागदावर लिहून ठेव. दार उघडशील तेव्हा कमरेला पट्टा नसेल. मग तुला काय बोलायचंय ते सगळं बोल, मी ऐकेन. फक्त उशी देऊ नकोस.

तुझीच,
ताई