एकशिंगी मोरी आणि साहेबांची सही

मी, जोतीराम धोंडी वाघमोडे, वय ७१, फोटो स्टुडिओवाला, राहणार कवठे महांकाळ, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. आजवरची कामं दडपणाखालीच केली, म्हणून मुद्दाम नमूद केलं. डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत.

१. घर व स्टुडिओ पत्नी राहीबाईस. ती म्हणते, "आवं, आमदाराचं लय फोटू काढलं, माझा एक न्हाई." खरं आहे.

२. कॅमेरा मुलगी अंकितास. अट एकच, गळ्यात हार असलेल्या माणसाचा फोटो काढू नये. मग तो जिवंत असो वा मेलेला.

३. दुष्काळात आमदार वीरधवल घोरमाळे यांच्या संस्थेनं आटपाडीकडं सरकारी पैशावर तीन चारा छावण्या काढल्या. गुरं एकीतच होती, बाकी दोन नुसत्या कागदावर. बोंब उठल्यावर साहेब मला म्हणाले, "लोकास्नी गुरं दिसली पायजेत." तीच गुरं ट्रकातून तिन्हीकडं फिरवली, मी फोटो काढले. मोडक्या शिंगाची मोरी गाय तिन्ही फोटोंत आली. साहेब म्हणाले, "शिंग काप." मी फोटोतलं कापलं. पत्रकारांपुढं साहेबांनी डोळे पुसले, तोही फोटो माझाच. पहिल्यांदा रुमाल आड आला, म्हणून परत पुसायला लावले.

चौकशीत साहेब म्हणाले, "मी न वाचता सही करतो. छावणीवाल्या बिरदेवनं फसवलं." छावण्यांच्या बिलांवर साहेबांच्या सहीशेजारी बिरदेव कोळेकरनं अंगठा दिला होता. त्याला वाचता येत नाही, हे कुणी मानलं नाही. साहेबांना वाचता येतं तरी वाचलं नाही, हे सगळ्यांनी मानलं. बिरदेव तुरुंगात जाऊन आला. गाव अजून त्याला चाराचोर म्हणतं. लेक सोनियाचं ठरलेलं लग्न मोडलं. मी त्याच्या दारावरून जात नाही. मला लाज वाटते.

४. न कापलेले तिन्ही फोटो, कॅमेऱ्यातल्या मूळ मेमरी कार्डासह, सोनियास. जिवंतपणी द्यायची छाती झाली नाही.

५. वाचायचा चष्मा साहेबांस.

६. माझ्या शोकसभेला साहेब येतील. येऊ द्यावं. डोळे एकदाच पुसायला सांगावं आणि बिरदेवला पुढं बसवून हा कागद मोठ्यानं वाचावा.

कवठे महांकाळ, दि. १४ फेब्रुवारी २०२५
सही: जोतीराम वाघमोडे

साक्षीदार:
१. कृष्णात पांढरे, निवृत्त सुभेदार. दोनदा वाचून सही केली.
२. वीरधवल घोरमाळे, आमदार. फोनवर बोलत होते. म्हणाले, "कशाचा कागद रं?" मी म्हणालो, "मृत्युपत्र, साहेब. ज्याचं त्याला देतोय." म्हणाले, "लय बेस." आणि सही केली.