लेनाचं बोलणं काढून टाका

३० नोव्हेंबर २०२३, गुरुवार

फिनलंडने रशियाकडची शेवटची चौकीही बंद केली. अगदी वर उत्तरेला, लेनाच्या बाजूची. घराजवळच्या क्लेटन स्टेशनवर ट्रेनची वाट बघताना मोबाइलवर वाचलं. पहिला विचार लेनाचा. नवरा, मुलं अलीकडे. वडील पलीकडे, एकटे.

युनिमध्ये पोचले तर माझ्या सुपरवायझर माधवीताई कॉरिडॉरमध्येच भेटल्या. चेहरा फुललेला.
"ज्योती, बघितलंस ना? फेब्रुवारीत आपला रिपोर्ट येतोय आणि बॉर्डर नेमकी आत्ता बंद झाली!" मग माझ्याकडे बघून, "म्हणजे वाईटच गं. पण…"
आणि आमच्या खोलीत शिरल्या.

दारावर प्रोजेक्टचं नाव आहे: आर्क्टिक सीमाभागातली शांतता, सुरक्षा आणि लोकांचा रेझिलियन्स, म्हणजे सोसूनही टिकून राहणं. माझी पीएचडी, स्कॉलरशिप, व्हिसा, सगळं त्या एका पाटीला लटकलंय. वसईला पप्पा चर्चबाहेर सांगतात, "पोरगी बर्फातल्या लोकांवर शिकते." तेच बरं आहे.

२ डिसेंबर, शनि.

लेनाचा कॉल. माझ्याकडे उन्हाळ्यातली संध्याकाळ, तिच्याकडे सकाळ, पण मागच्या खिडकीत काळोख. आता तिथे सूर्य येतच नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये त्या गावात राहिले तेव्हा हिनेच मला तिच्या शाळेच्या टॅक्सीतून घरोघरी फिरवलं होतं. मूळची पलीकडची. लग्न करून या गावात आली. दर महिन्याला वडिलांकडे जायची, येताना त्यांच्या हातचं लोणचं घेऊन. रेल्वेतून रिटायर झालेला माणूस. युद्धाबद्दल ते फोनवर लेनाला जे बोलले, ते तिने मासे साफ करता करता मला सांगितलं होतं. रेकॉर्डर चालू होता. तिच्या परवानगीनेच.

आज म्हणाली, "ज्योती, माझं सगळं काढून टाक."
"काय झालं?"
"वडिलांच्या बिल्डिंगमधल्या एकाला घेऊन गेले. का, ते कोणी सांगत नाही. आधी वाटायचं, काही झालंच तर गाडी काढीन आणि जाऊन त्यांना घेऊन येईन. आता कुठून जाऊ?"
मी म्हटलं, तुझं नाव नाहीये कुठे. ती हसली. चांगलं हसू नव्हतं ते.
"शाळेची टॅक्सी चालवणारी रशियन बाई. आमच्या गावात अशा किती असतील?"

काढते म्हटलं. शब्द दिला. संमतीपत्रात तसं स्पष्ट आहेच: छापण्यापूर्वी कधीही, कारण न देता माघार. तिच्या स्वयंपाकघरात बसून मीच मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

४ डिसें., सोम.

माधवीताईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, खुर्ची वळवली, म्हणाल्या, "आत्ता? डिझाइनला गेलाय रिपोर्ट."
"छापलेला नाही अजून."
"ज्योती, लेना म्हणजे या रिपोर्टचा जीव आहे. बाकीचे सगळे हवापाण्यावर बोललेत."
"जीव तिच्या वडिलांचा आहे, ताई."
"ड्रामा नको. नाव नाही, गाव नाही. अजून काय करायचं?"

उठून माझ्या टेबलाशी आले.

ह्याच बाईने मला एअरपोर्टवरून घरी नेलं होतं. खोल्या मिळत नव्हत्या, एकेका घराच्या इन्स्पेक्शनला रस्त्यापर्यंत रांग, तेव्हा महिनाभर स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. ताप आला तर मऊ भात करून दिला. म्हणून राग सरळ बाहेरही येत नाही. आडवा होतो.

९ डिसें., शनि.

ग्लेन वेव्हर्लीला ताईंकडे जेवायला. नाही म्हणता आलं नाही. भरली वांगी, बाजरीची भाकरी. मुलं आयपॅडवर. "अरे, ज्योतीमावशीला पाणी विचार." "Mum, she knows where the tap is." हसलो सगळे.

नंतर मला सोडायला निघाल्या. गाडीत मी रॉकीकाकांचं सांगितलं. कधी कोणाला सांगत नाही. पप्पांचा धाकटा भाऊ, गुजरातच्या बोटीवर खलाशी होता. समुद्रात रेघ कुठे दिसते? पलीकडच्यांनी बोटच पकडली, सगळे कराचीच्या तुरुंगात. सुटून आलेल्या एकाने काकीला निरोप दिला, तुझ्या नवऱ्याला मारतात. एक पेपरवाला घरी आला, फार गोड बोलला. काकीने विश्वासाने सांगितलं. त्याने काकांच्या नावासकट छापलं. त्यानंतर काकांची पत्रंच बंद झाली. सुटेपर्यंत काकी रोज दारात बसायची. लोक म्हणायचे, काय धीराची बाई! तिला उठायची ताकद नव्हती, ती बसलेली असायची, एवढंच.

ताई सिग्नलला थांबल्या. मग म्हणाल्या, "वाईट झालं गं. पण हे वेगळं आहे. आपण पेपरवाले नाही."
"नाही. त्याने निदान काकीला कागदावर वचन दिलं नव्हतं."

क्लेटनला घरासमोर उतरले.

१५ डिसें.

शेअर्ड ड्राइव्हवर रिपोर्टचा नवा मसुदा. पान उलटलं. निळ्या चौकटीत लेनाचे शब्द. वडील काय म्हणाले, जसंच्या तसं. शेजारी फोटो: बर्फात उभी शाळेची टॅक्सी. फोटो मीच काढलेला. वर मथळा: "सीमा बंद, मन खुलं".

कोणी सुचवला हा मथळा? कोण बसून असे शब्द जुळवतं?

२५ डिसें.

नाताळ. सकाळी मिस्सा, मग हरप्रीतने आणलेला केक. हरप्रीत माझी रूममेट, लुधियानाची, ओल्डएज होममध्ये शिफ्ट करते. हॉलमध्ये पडदा लावून राहतात त्या दोघी तेलुगू मुली घरी गेल्यात, म्हणून घरात पाय पसरायला जागा.

मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सीधी बात है यार. उसने बोला नहीं चाहिए, तो नहीं चाहिए. इसमें पीएचडी क्या करनी है?"

हसता हसता रडू आलं.

घरी फोन केला. काका आता जाळी विणतात, बोटीवर जात नाहीत. फोनवर आले. "बरी आहेस ना गो?" एवढंच. तुरुंगातून आल्यापासून एका वेळी एवढंच बोलतात. कोणी त्यांना रेझिलियंट म्हटलं तर मी त्याचं थोबाड रंगवीन.

२८ डिसें.

युनिच्या एथिक्स ऑफिसला, संशोधनात नियम पाळले जातात का ते बघणाऱ्यांना, मेल केला. तक्रार म्हणून नाही, "कळवत आहे" म्हणून. चार वेळा लिहून मऊ केला. ऑटो-रिप्लाय: ऑफिस जानेवारीच्या मध्यापर्यंत बंद. आपल्याला आणि कुटुंबाला शुभेच्छा.

कोणाच्या कुटुंबाला?

२२ जानेवारी २०२४

एथिक्सचं उत्तर आलं. प्रथम सुपरवायझरशी बोलून प्रश्न सोडवण्याचा प्रयत्न करावा. मेलची प्रत माधवीताईंना.

मला न विचारता. वा!

२३ जाने.

ताईंनी दार लावून घेतलं. ओळख झाल्यापासून पहिल्यांदा त्यांचा आवाज चढलेला ऐकला.
"मला सांगायचं होतंस."
"सांगितलं होतं. डिसेंबरमध्ये."
"जूनमध्ये माझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय, माहितीय तुला? हा रिपोर्ट लोकांच्या डोळ्यांत भरला नाही तर मी नाही, तू नाही, ही खोलीसुद्धा नाही. तुझी पीएचडी काय ग्लेन वेव्हर्लीच्या लायब्ररीत बसून करणार आहेस?"
त्या थांबल्या नाहीत.
"पंधरा वर्षं मी इथे प्रत्येक मीटिंगमध्ये थँक यू, सो काइंड करत काढली. तुम्ही आत्ता येता आणि लगेच एथिक्स!"

डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. खरं होतं. मला वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला. लेनाच्या वडिलांचा यात काय संबंध?

६ फेब्रु.

ताई टेबलाशी आल्या, हळू म्हणाल्या, "काढलंय. लेनाची चौकट काढायला सांगितलीय. खूश?"

खूश! म्हटलं, "थँक यू, ताई." मनापासून म्हटलं. लेनाला लगेच मेसेज: काढलं. तिने हृदय पाठवलं. आज व्यवस्थित जेवले.

१५ फेब्रु., गुरु.

घरी आल्या आल्या लिहिते.

सिटीत रिपोर्टचा समारंभ. मोठा हॉल. सरकारी लोक, दोन-तीन वकिलातींचे, बाकी युनिची मंडळी. सँडविच, वाइन. माधवीताई जांभळ्या रेशमी साडीत, छान दिसत होत्या. छान बोलतही होत्या. मी मागच्या रांगेत.

मग स्लाइड आली. टॅक्सी. लेनाचे शब्द. वडिलांचे शब्द. भिंतीएवढे.

रिपोर्टमधून काढलं होतं. स्लाइडमधून नाही.

पुढे एक माणूस उठला, मोबाइल वर धरला, फोटो काढला. त्याचं बघून अजून दोघांनी काढले.

मी कधी उभी राहिले कळलं नाही. प्रश्नोत्तरं सुरू व्हायची होती, माइक नव्हता. ओरडलेच. "या बाईंनी आपलं बोलणं मागे घेतलंय. डिसेंबरमध्ये. कृपया ही स्लाइड काढा. ज्यांनी फोटो काढलेत त्यांनी ते डिलीट करा."

कोणीतरी खोकलं. सूत्रसंचालक हसून म्हणाला, "थँक यू फॉर युवर पॅशन." पॅशन!

स्लाइड पुढे सरकली. फोटो कोणी डिलीट केला का, दिसलं नाही. एकानेही मोबाइल खिशातून काढला नाही.

बाहेर पडताना माधवीताई जिन्यात. मराठीत, दात आवळून, "लोकांसमोर? ज्योती, लोकांसमोर?"
"तुम्ही तिला लोकांसमोर उभं केलंत."
"जुनी स्लाइड राहिली गं चुकून! खरंच चुकून!"

असेलही. मला माहीत नाही. ट्रेनमध्ये क्लेटनपर्यंत हाच विचार करत होते, आणि मग वाटलं, चुकून असो की मुद्दाम, त्या म्हाताऱ्याला काय फरक पडणार आहे?

१६ फेब्रु.

लेनाला मीच सांगितलं. दुसऱ्या कुठून कळण्याआधी. व्हिडिओ चालू होता. ती उठून गेली. तिची रिकामी खुर्ची आणि मागे धुतलेले कपडे दिसत राहिले. मग तिच्या धाकट्याने येऊन कॉल बंद केला.

२६ फेब्रु., सोम.

मीटिंग. ग्रॅज्युएट ऑफिसच्या बाई, एथिक्सचा एक माणूस, माधवीताई, मी. रिपोर्ट वेबसाइटवरून तात्पुरता उतरवलाय, "पुनरावलोकनासाठी". माझ्या वर्तनाबद्दल वेगळी मीटिंग होणार.

एथिक्सचा माणूस सौम्य होता, पाणी वगैरे विचारलं. मग म्हणाला, पुढे जायचं तर त्या सहभागी बाईंकडून लेखी निवेदन लागेल. नेमका धोका काय, कोणाला, वडील कुठे राहतात, काय बोलले होते.

मी म्हटलं, म्हणजे ते बोलणं पुसण्यासाठी तिने ते पुन्हा लिहून द्यायचं? सहीसकट?
"इट्स जस्ट प्रोसेस."
"नाही मिळणार."
"तुम्ही तिला विचारून तर बघा."
"नाही विचारणार."

आवाज चढला असेल. चढला. तेवढ्यात माधवीताई, खाली बघत, इंग्लिशमध्ये म्हणाल्या, "शी इज राइट. डोन्ट आस्क द वुमन." नंतर लिफ्टमध्ये ताई आणि मी दोघीच होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी पण नाही.

१ मार्च

लेनाचा मेसेज आला. इतक्या दिवसांनी. वडील रविवारपासून फोन उचलत नाहीत. शेजारीणही नाही उचलत. त्यांच्याकडे कधीकधी लाइन जाते, त्यांचा फोनही जुना आहे. काहीही असेल, असं तिने लिहिलंय. रोज करतेय फोन. रिंग जाते, म्हणजे चालू आहे.

हरप्रीत म्हणाली, "बुड्ढे लोग हैं, चार्जर खो दिया होगा." माझ्यासाठीच म्हणाली, कळत होतं.

मग लेनाचा दुसरा मेसेज. एकच ओळ.
"माझं बोलणं आता कुठे कुठे आहे?"

बसले आठवत. माझ्या लॅपटॉपवरून पुसलंय. ड्राइव्हवरून पुसायला सांगितलंय. डिझाइनवाल्याकडे असेल. छपाईवाल्याकडे असेल. त्या हॉलमधल्या तीन फोनमध्ये, आणि त्यांनी ज्यांना पाठवलं त्यांच्याकडे. युनिच्या बॅकअपमध्ये. कोणाच्या तरी पुढच्या स्लाइडमध्ये.

आधी लिहिलं, काळजी करू नकोस. पुसलं. मग लिहिलं, बहुतेक कुठेच नाही. तेही पुसलं.

खरं तेच पाठवलं: मला माहीत नाही.

वाचलंय तिने.