किदिराली पंचांचे कान

३ एप्रिल
बिश्केकहून जिपारचा फोन. हल्ली पोरगी फार पुटपुटते. शहरात राहिलं की माणसं तोंड उघडून बोलायचं विसरतात. मग माझ्या बायकोने, बुरुलचाने, फोन हिसकावून घेतला आणि दोघी मायलेकी बराच वेळ बोलत बसल्या. शेवटी माझ्या कानाशी येऊन ओरडली, "लेक म्हणतेय, बाबांचे कान तपासायचे!"
मी शांतपणे सांगितलं, माझे कान ठणठणीत आहेत. या गावाचे उच्चार बिघडलेत. मी गावच्या पंचांचा प्रमुख, सगळे आदराने आक्सकाल म्हणतात. ऐकू न येणाऱ्याला गाव प्रमुख करेल का?
यावर ती काहीतरी म्हणाली. पुटपुटली.

५ एप्रिल
क्लबच्या हॉलमध्ये निवाडा. दोन शेजारी, एक मेंढा. दोघं तावातावाने बोलले, मी मान हलवत राहिलो. शेवटी म्हटलं, "अर्धं-अर्धं करा आणि हात मिळवा." सगळे खूश. माझी पद्धतच ती. कमी बोलायचं, घाई करायची नाही.
संध्याकाळी कळलं, भांडण मेंढ्याचं नव्हतं, कुंपणाचं होतं. तत्त्व तेच.

१९ एप्रिल, बिश्केक
केवळ लेकीचं मन राखायला आलो. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन, हातात बटण. शिट्टी ऐकू आली की दाबायचं. शिट्टी कधी येणार याचा मला अंदाज येतो, म्हणून मी जरा आधीच दाबत होतो. काचेपलीकडची डॉक्टरीण पोरगी आत येऊन म्हणाली, "आजोबा, मी अजून सुरूच केलेलं नाही."
नंतर तिने आलेख दाखवला. घाट उतरावा तशी रेघ खाली गेलेली. म्हणाली, "स्वर पोचतात तुमच्यापर्यंत, व्यंजनं वाटेत गळतात. म्हणून लोक पुटपुटतात असं वाटतं." पुटपुटण्याबद्दल मी तिला काही बोललोच नव्हतो. जिपारने कान भरले असणार.
कानात दडणारं छोटं यंत्र मागितलं. ते म्हणे माझ्या कानांना पुरणार नाही. कानामागचंच घ्या. करड्या रंगाचं दाखवत होती, दाढीला शोभेल म्हणून. मी काळं घेतलं. दाढी मुळात काळीच आहे.
सूचना : पहिले काही दिवस घरीच, शांततेत, थोडा थोडा वेळ घाला, मेंदूला सवय व्हायला हवी.
माझ्या मेंदूला कशाला? परवापासून दिवसभर घालणार.

२१ एप्रिल
दिवसभर घालण्याचा पहिला दिवस. सकाळच्या चहालाच काढलं. कपात चमचा फिरला की लोहार घण घालतोय असं वाटतं. माझंच चावणं, डोक्यात घोडा ओट खातोय असं. बुरुलचाच्या चपला. पेपरची पानं. फ्रिज तर सारखा कण्हतच असतो, हे इतकी वर्षं कुणी मला सांगितलं नाही.
आणखी एक. बुरुलचा समोवारशी बोलते. माझ्याबद्दल बोलते. "तुझ्या आत निदान पाणी तरी उकळतं," असं म्हणाली त्याला.
उद्यापासून घालीन.

२५ एप्रिल
यंत्रात बिघाड. डावीकडे कुत्रं भुंकतं, मी उजवीकडे बघतो. जिपारला फोन केला. म्हणाली, "बाबा, लाल उजव्या कानाचं, निळं डाव्या!" माझा अर्धा जन्म सोव्हिएत काळात गेला, लाल ते डावंच असायला हवं. कंपनीचं चुकलंय. तरी बदलून घातलं, तिच्या समाधानासाठी.

४ मे
तोक्तोसूनकडे जेवण, त्याच्या नातवाचं बारसं. मेंढ्याची मानाची मुंडी माझ्यापुढे. कालपाक टोपी जरा खाली ओढली तर यंत्र शिट्टी मारू लागलं. बायका किटली बघायला आत धावल्या. तेवढ्यात सगळे एकदम बोलायला लागले, दगडांचा ट्रक रिकामा करावा तसे. यंत्र काढून खिशात टाकलं. विचारणाऱ्यांना सांगितलं, छोटा रेडिओ आहे.
रिवाजाप्रमाणे मुंडीचा एक कान कापून सगळ्यात लहान पोराला दिला, मोठ्यांचं ऐकावं म्हणून. तोक्तोसूनने दुसरा कान कापला आणि माझ्या ताटात ठेवला. सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्याने. मान दिला त्याने मला.

१० मे
यंत्र डबीत. थकवा. बटाट्याची लागवड.

१७ मे
यंत्र डबीत.

२ जून
आज निवाडा. बुरुलचाने सकाळीच स्वतःच्या हाताने यंत्र कानाला लावलं. लाल उजवीकडे.
अनारकान आली. विधवा बाई, खालच्या अंगाला तिचं बटाट्याचं शेत. वरचं शेत तिच्या दिराचं, एमिलबेकचं. बोलायला उभी राहण्याआधी शेजारणीला हळूच म्हणाली, "काय उपयोग सांगून? गेल्या वर्षी हेच सांगितलं, तर म्हणाले, 'अभिनंदन, पोरीला सुखात ठेवा.'"
आठवलं. मला वाटलं होतं, मुलीचं लग्न ठरलंय. तेव्हा ती नीट बोलली नव्हती. गेल्या वर्षी तिचं सगळं पीक वाळून गेलं म्हणे. दुष्काळच होता तसा.
आज तिचं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. तिची पाण्याची पाळी आली की एमिलबेक वर पाटाचं दार पाडतो. एमिलबेक मागे कुणाला तरी सांगत होता, "म्हातारा मान हलवेल आणि अर्धं-अर्धं म्हणेल." तेही ऐकलं.
निवाडा दिला. तिच्या पाळीचं पाणी तिचंच. पाटाच्या दाराला कुलूप, किल्ली तिच्याकडे.
हॉलमध्ये चिडीचूप. यंत्र बंद पडलं की काय म्हणून चाचपून पाहिलं. चालू होतं. लोक भारावले असणार.

६ जून
यंत्रात नवा बिघाड. दुकानाजवळ माणसं बोलत असतात, लांबून ऐकू येतं. मी जवळ गेलो की आवाज बंद. डॉक्टरणीला विचारायला हवं.

११ जून
पंचांकडे एकही तक्रार नाही. माझ्या निवाड्यामुळे गावात शांतता पसरली.
अर्ध्या गावाशी एमिलबेकचं नातं आहे, उरलेलं गाव त्याच्या ट्रॅक्टरवर चालतं, असं बुरुलचा म्हणाली. मी म्हटलं, त्याचा इथे काय संबंध?
अनारकानचं शेत रस्त्यावरून दिसलं. पाला हिरवागार. थांबलो नाही.

२० जून
उद्या गावाची सभा. पंचांची फेरनिवड, नेहमीचाच उपचार. आभाराचं भाषण तयार. छोटंच ठेवलंय.

२१ जून
यंत्र आज उत्तम चाललं. एवढ्या गर्दीतही.
एमिलबेक गोड आवाजात म्हणाला, "आक्सकालांनी खूप सेवा केली, आता त्यांना विश्रांती द्यायला हवी." मागून कुणीतरी म्हणालं, "ऐकू येत नव्हतं तेव्हा चांगला पंच होता." कुणी हसलं नाही. तोक्तोसूनचं नाव पुढे आलं. हात वर करा म्हणाले. हात वर झाले. कोटांच्या बाह्या सरकलेल्याही ऐकू आल्या.
अनारकान एमिलबेकच्या बायकोशेजारी बसली होती. तिचाही हात वर गेला. खांद्यापर्यंतच.
भाषण झालं नाही.
दारात ती माझ्याजवळून गेली. जमिनीकडे बघत म्हणाली, "माफ करा, आक्सकाल. मला त्यांच्याशेजारीच राहायचंय." इतकं हळू की तिच्या पुढच्या बाईलाही कळलं नसेल. मला कळलं. सगळी व्यंजनं पोचली.
मी म्हटलं, "पाणी येतंय ना?" तिने हो म्हणून मान हलवली.
घरी आलो. बुरुलचा कणीक मळत होती. न ओरडता, पाठमोरीच तिने विचारलं, "काय म्हणाले सगळे?"
मी म्हटलं, गर्दी फार होती. नीट ऐकू आलं नाही.
"बरं," म्हणाली. मळत राहिली.