कोरी ठेवलेली चौकट

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. सकाळी जिदहफ्सच्या बाजारातून भाजी आणली. दुपारी हमद टाउनला जाऊन दादाच्या मित्राच्या घरून पाकीट घेतलं. चार वाजता माहूजला घरी परत आले. हवा बरी होती, एसी लावावा लागला नाही.

बाबा, पाकिटात तुमची वही होती. दादाने घर रंगवायला काढलं आहे, तेव्हा माळ्यावर सापडली म्हणाला. त्याचा मित्र नागपूरहून इकडे आखातात परत येत होता, त्याच्याजवळ दिली, सोबत संत्रा बर्फी. पोस्टातल्या जुन्या रजिस्टरचा पुठ्ठा तुम्ही तिला चिकटवला होता, त्यावरून मी ती लगेच ओळखली. आठवडाभर तुम्ही पोस्टात कारकून असायचे आणि रविवारी बास्केटबॉलच्या मैदानावर टेबलाशी बसून गुण लिहायचे. लहानपणी मला रविवारचीच तुमची नोकरी खरी वाटायची.

वहीत युरोपातल्या बास्केटबॉल क्लबांच्या अजिंक्यपद स्पर्धेचा पहिला मोसम आहे. वाचनालयातल्या जुन्या परदेशी मासिकांतून शोधून शोधून तुम्ही तो उतरवून काढला होता. आई म्हणायची, जे खेळले त्यांना तरी हे आठवत असेल का? प्रत्येक जोडीचे दोन सामने, एक यांच्या गावी, एक त्यांच्या, आणि शेवटी दोन्हींची बेरीज. तुम्ही तांबड्या आणि निळ्या शाईत चौकटी आखल्या आहेत. उपांत्य फेरीच्या पानावर मात्र चौकट कोरी आहे. स्पेनच्या क्लबला सोव्हिएत देशातल्या क्लबशी खेळायचं होतं, पण स्पेनच्या सरकारने जायची परवानगी दिली नाही. खाली तुमच्या बारीक अक्षरात एवढंच: ‘जाऊ दिले नाही.’

ते पान पाहिलं आणि मी एकदम दहा वर्षांची झाले. रविवार आहे. मी तुमच्या शेजारी स्टुलावर बसले आहे, मांडीवर तुमची कच्ची वही. बाहेरगावचा संघ अजून आलेला नाही. नियमाची पंधरा मिनिटं तुम्ही घड्याळ टेबलावर काढून ठेवून मोजता आहात. इकडचा कॅप्टन चेंडू बोटावर फिरवत म्हणतो, ‘काका, लिहून टाका न आता. ते घरी झोपून राहिले असतील.’ पोरं हसतात. मीही हसते, आणि तुम्ही काही सांगायच्या आत न आलेल्या संघासमोर मोठं, गोल शून्य काढते. तुम्ही वही ओढून घेतली. सगळ्यांसमोर. खोडरबराने कागद फाटेपर्यंत ते शून्य पुसलंत आणि म्हणालात, ‘शून्य खेळून मिळतं. हे तर खेळलेच नाहीत.’ स्पर्धेच्या कागदावर तुम्ही नियमाप्रमाणे लिहिलं, पण तुमच्या वहीत ती जागा कोरीच राहिली. मला फार लागलं होतं ते. अर्ध्या तासाने ती पोरं आली, ग्रीसने हात काळे झालेले, वर्धा रोडला त्यांची गाडी बंद पडली होती. तुम्ही त्यांना पाणी पाजलं आणि दोन्ही संघांना तसंच, गुण न लिहिता, खेळायला लावलं. मला तुम्ही त्या दिवशी कुल्फी घेऊन दिली, पण शून्याबद्दल पुन्हा काही बोलला नाहीत.

तुम्ही गेलात तेव्हा मी आले नाही. बारा वर्षं झाली, आणि या बारा वर्षांत मी दादाला कधी विचारलं नाही की तुम्ही माझ्याबद्दल काही म्हणालात का. फोनवर आम्ही हवापाणी बोलतो, त्याच्या मुलांच्या परीक्षा बोलतो. तुम्ही दाराकडे बघत राहिला असाल, आणि तिथे मी नव्हते, एवढंच माझ्या डोक्यात पक्कं होतं. आज वही मिटली आणि तशीच फोन लावला. दादा रंगाऱ्यावर ओरडत होता. मी एका दमात विचारलं.

तो म्हणाला, ‘विचारलं न बाबांनी. मी म्हटलं, तिचा व्हिसा बदलून राहिला, पासपोर्ट अडकला. तर म्हणाले, मग ती आली नाही असं कोणाला सांगू नको. येऊ दिलं नाही, असं सांग. आणि चहा मागितला. साखर घालून. डॉक्टर बाजूलाच उभा.’

मी वही पुन्हा उघडली.

‘तुला सांगितलं होतं न मी?’ तो म्हणाला. ‘नाही? मग तू काय विचार करून राहिली होती इतके वर्षं?’

फोन ठेवला आणि खिडकीपाशी गेले. समोरच्या इमारतीत कोणी तरी गालिचा झटकत होतं. खरं सांगायचं तर मला भूक लागली. बर्फीचे तीन तुकडे उभ्यानेच खाल्ले.

पण बाबा, दादाने तुम्हाला सगळं सांगितलं नाही, कारण त्यालाही ते माहीत नाही. तुमची तब्येत बिघडल्याचा त्याचा फोन आला सोमवारी. कंपनी नवी होती, मला लागून दुसराच आठवडा, पासपोर्ट व्हिसाच्या कामात अडकलेला, आणि रजा मागायची मला भीती वाटली. मी बुधवारी विचारलं. आमचे पीआरओ, म्हणजे व्हिसा-पासपोर्टची सरकारी कामं बघणारे, रत्नागिरीचे एक चाचा होते. ऐकल्याबरोबर ते उठले आणि म्हणाले, ‘परवाच का नाही बोललीस, पोरी?’ मग कागद हातात घेऊन स्वतः फिरले, आणि शनिवारी पासपोर्ट माझ्या हातात होता. तुम्ही शुक्रवारी गेला होता. म्हणजे येऊ दिलं नाही हे खरं, आणि दोन दिवस मी गप्प बसले हेही खरं. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तुम्ही असता तर ती दोन दिवसांची चौकट कशी भरली असती, मला माहीत नाही. ओरडला असता बहुतेक, आणि मग कुल्फी.

ही पानं घडी करून तुमच्या वहीतच ठेवते आहे, उपांत्य फेरीपाशी. परवा रविवार, म्हणजे इथे ऑफिस. दोन कुडते इस्त्रीला काढले आहेत. पहिल्याची कॉलर झाली, आता बाह्या करते.