शेवटचं पान आधी

३ जून, सोमवार
ठरलं. राजसबाईआत्याची गाणी पुस्तकात आणायची. लग्नात नवरानवरीला हळद लावताना एकमेकांना चिडवायची आमची तंजावरी गाणी, चाळीस तरी आहेत. सगळ्या मद्रासेत आता तिच्याशिवाय कुणाला येत नाहीत. दसऱ्याला आत्याला नव्वद पूर्ण. त्या दिवशी पुस्तक तिच्या हातात.

कृष्णवेणी म्हणाली, आजच जाऊन बसा तिच्याजवळ, हल्ली विसरते. बायकोला प्रत्येक गोष्टीची घाई. आधी प्लॅनिंग.

एक गोष्ट पक्की. या वेळी नाव माझंच. एकतीस वर्षं बँकेत नोट मी लिहायचो आणि खाली सही त्या दिनकरची. तो मॅनेजर होऊन रिटायर झाला, मी हेडक्लार्क. पुरे झालं.

६ जून
तिरुवल्लिकेणीत वेंकटच्या प्रेसमध्ये गेलो. कोलोफोनचं काय, विचारलं. त्याने कॉम्प्युटरवर प्रेसचा हंस दाखवला. अरे देवा! मग मीच त्याची शिकवणी घेतली. पोथी उतरून काढणारा शेवटी लिहायचा, कुणी लिहिली, कुठे, कोणत्या तिथीला, चूकभूल पदरात घ्या. आपली पुष्पिका, तोच कोलोफोन. पुढे प्रकाशकांनी तो शब्द आपल्या चिन्हाला लावला, म्हणून हा हंस. आणि टाइप कुठला, कागद कुठला, छापलं कुणी, हे सांगणारं शेवटचं पान, तोही कोलोफोनच.

वेंकट सगळं ऐकून म्हणाला, सार, मॅटर कधी देताय? धंदेवाईक माणूस.

आत्याचं घर तिथून दोन गल्ल्या. पण ऊन फार. बस पकडून अण्णा नगरला परत.

१ जुलै
कोलोफोन तयार! सहावा ड्राफ्ट. ‘श्री. गुंडोराव यांनी अपार कष्टांनी ही गाणी संकलित करून...’ कृष्णवेणीने विचारलं, कसले कष्ट?

४ जुलै
आत्याला वाचून दाखवला. हसून हसून तिला ठसका लागला. म्हणाली, माझे आजोबा पोथ्या उतरायचे. शेवटची ओळ हात दुखून आल्यावर लिहायची, आणि ज्याचा हात दुखला त्यानेच. तू आधीच लिहून बसलास होय रे?

जुन्या लोकांना प्रॉडक्शन कळत नाही.

मग ती आपणहून एक गाणं म्हणू लागली. दुसऱ्याच ओळीत तमिळ शब्द. थांबवलं. म्हटलं, आत्या, शुद्ध मराठीत म्हण, पुण्यातले लोक वाचतील. तिने गाणं तिथेच सोडलं. कॉफी दिली आणि भिंतीकडे बघत बसली. मूडी आहे.

२ ऑगस्ट
नवी माहिती. वेबसाइट कशी बनवली ते सांगणाऱ्या पानालाही कोलोफोन म्हणतात. वेंकटला फोन केला. उचलला नाही.

१९ ऑगस्ट
टाइप निवडण्यात तीन आठवडे गेले. चौदा नमुने पाहिले. शेवटी एक गोलसर, जुन्या पोथीसारखा. वेंकटला लेखी कळवलं. काम जोरात चालू आहे.

घरी मात्र आनंद. कृष्णवेणीला अचानक भक्ती सुचली आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिरुवल्लिकेणीच्या देवळात. मी कालचं सांबार गरम करून खातो. आल्यावर बाम मागते, उजवा हात दुखतो म्हणे. प्रदक्षिणेने हात कसा दुखतो? विचारावंसं वाटलं नाही. माझ्या दुखण्याची तरी कोण चौकशी करतं?

२३ सप्टेंबर
आजपासून गाणी. रेकॉर्डर घेऊन आत्याकडे. आत्या म्हणाली, सगळी सांगून झाली की. कुणाला? विचारलं तर नुसती हसली. भ्रम झालाय बिचारीला. कृष्णवेणीचं एवढं मात्र खरं होतं, उशीर झाला. वाईट वाटलं. पण दोष माझा नाही. तिने जुलैमध्ये नीट सहकार्य करायला हवं होतं.

५ ऑक्टोबर
निर्णय: गाणी नसली तरी प्रस्तावना आणि कोलोफोन मिळून सोळा पानांची देखणी पुस्तिका. वेंकट म्हणाला, मशीन बिझी आहे सार, आत्यांचंच पुस्तक चाललंय. माझंच म्हणत असणार. शेवटी लागला कामाला!

दसरा
पुस्तक आलं. त्रेचाळीस गाणी. आत्याच्या मराठीत, तमिळ शब्दांसकट, एक अक्षर न बदललेलं. प्रती वेंकटने आणल्या आणि पहिली प्रत कृष्णवेणीने आत्याच्या हातात ठेवली. आत्या पुस्तकाचा वास घेऊन रडली.

मग म्हणाली, गुंडो, शेवटचं पान तू वाच, तुला त्यातलं कळतं. सगळ्यांसमोर उभा राहून वाचलं.

‘राजसबाईने सांगितली. कृष्णवेणीने मंगळवारी आणि शुक्रवारी बसून उतरून घेतली. तिचा हात दुखला. चुकलं असेल ते सांगणारीच्या विसरण्याने. टाइप गुंडोच्या पसंतीचा.’

टाळ्या वाजल्या. वेंकट म्हणाला, टाइप छान आहे सार.

आत्याने पहिलं गाणं धरलं. कृष्णवेणीला पुढच्या सगळ्या ओळी पाठ. मला एकही येईना. आत्या गाता गाता कृष्णवेणीचा उजवा हात मांडीवर घेऊन बोटं चोळत होती.

माझा हात अजिबात दुखत नाही.