तू नाही म्हणालास म्हणून

प्रिय निहार,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे बरे आहेत. फोनवर आपण ‘बरी आहेस ना’ आणि ‘हो, तू?’ याच्या पुढे गेलो नाही, त्याला आता आठ महिने होतील. मला जे सांगायचंय ते तेवढ्यात मावत नाही, म्हणून हे लिहितेय. शाळेला सुट्टी लागली तशी ओवीला घेऊन मालवणहून वालावलला आई-बाबांकडे आलेय. विश्वेश रविवारी न्यायला येतील.

आधी माझी खबर. वजनाच्या ऑपरेशनला तीन महिने झाले. एकशे एकवीस किलोवरून सत्त्याण्णववर आलेय. मधुमेहाच्या तीन गोळ्यांतल्या दोन बंद झाल्या. झोपेत श्वास अडकायचा तो थांबलाय, त्यामुळे ओवी आता माझ्या शेजारी निवांत झोपते. पूर्वी ती मध्येच मला हलवून बघायची, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. जेवण म्हणजे वाटीभर पेज आणि सुरमईचा एक तुकडा. मागच्या आठवड्यात मालवणात बंदरावरून बाजारापर्यंत कुठेही न टेकता चालत गेले. कोळणीने मासे तोलता तोलता माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, “बाय, तू मास्तरीणच मां?” घरी येईपर्यंत मी हसत होते.

आता चतुर्थीबद्दल. तू कोल्हापुरात सर्जन झालास तेव्हापासून बाबांनी मनात ठरवूनच टाकलं होतं की माझं ऑपरेशन तू करणार. त्यांनी अख्ख्या वाडीला सांगितलंही होतं. मी इतकी वर्षं टाळत होते, ती तुझ्या भरवशावर तयार झाले होते. आणि आरती झाल्यावर सगळ्यांसमोर तू म्हणालास, “ताई, ह्यां ऑपरेशन मी अकराच केलंय. त्यातल्या आठांक सर बाजूक उभे होते. तुका टेबलार घेवचां धाडस माका नाय.” बाबांचा चेहरा उतरला. “तुका इतक्या शिकवलंय कित्याक, बहिणीक परक्याच्या हातात देवक?” असं म्हणून ते उठून मागल्या दारी गेले. ते तुझ्याशी बोललेले शेवटचे शब्द. पण बाबांपेक्षा वाईट मी बोलले. तू निघताना मी तुला अंगणात गाठलं आणि म्हटलं, तुझ्या हॉस्पिटलात अशी जाडी बहीण दाखवायची तुला लाज वाटते. तू गाडीत बसलास आणि गेलास.

मला ते खरंच तसं वाटलं होतं रे. गेल्या वर्षी तोंडवलीला मुलांची सहल नेली होती, तेव्हा होडीवाला सगळ्या वर्गासमोर म्हणाला होता, “बाई, तुमी मधी बसा, नायतर होडी कलंडात.” असं ऐकत आलेल्या माणसाला कुणीही नाही म्हटलं की कारण एकच दिसतं.

दुसऱ्या दिवशी तू मोबाइलवर प्रश्न पाठवलेस. डॉक्टरने अशी किती ऑपरेशनं केलीत, वर्षाला किती करतो, काही बिघडलं तर कोण धावून येणार, अतिदक्षता विभाग तिथेच आहे का, पुढची दोन वर्षं तपासणार कोण. मी उत्तर दिलं नाही. उलट तुझ्यावरच्या रागाने एका चकचकीत दवाखान्यात गेले. नाव सांगत नाही. जाहिरातीत बायकांचे आधीचे आणि नंतरचे फोटो होते. तिथे गोड बोलणाऱ्या एका मुलीने मला तारीखच देऊन टाकली. उठता उठता, कशी कोण जाणे, तुझ्या यादीतली गोष्ट तोंडून निघाली. ऑपरेशन कोण करणार? ती म्हणाली, “त्या दिवशी जे सर असतील ते करतील मॅडम, सगळे एक्सपर्टच आहेत.” मग मी बाकीचे प्रश्नही विचारले. तिने एकाचंही सरळ उत्तर दिलं नाही. बाहेर येऊन एसटीच्या स्टॉपवर बसले आणि तुझी यादी पहिल्यांदा नीट वाचली. लाज वाटणारा माणूस इतकं बारकाईने लिहीत नाही, हे तेव्हाच कळलं होतं. कबूल करायला मात्र इतके महिने गेले.

मग विश्वेशनी चौकशा करून पणजीच्या डॉक्टर संचिता केंकरे शोधल्या. अठरा वर्षं हेच काम करतात, हजाराच्या वर ऑपरेशनं झालीत. मी वही उघडून एकेक प्रश्न विचारत गेले आणि त्या चष्मा काढून शांतपणे उत्तरं देत राहिल्या. शेवटी धीर करून विचारलं, तुमच्या हातून कुणी दगावलंय का? त्या म्हणाल्या, “दोघं. दोघांची नावं मला आजही पाठ आहेत. काय चुकलं आणि त्यानंतर मी काय बदललं, तेही सांगते.” आणि सांगितलं. निहार, ते ऐकून खरं तर मी पळायला हवं होतं. पण उलट मनातली धास्ती तिथेच उतरली. तारीखही त्यांनी लगेच दिली नाही. हृदय, झोप, रक्त, सगळं तपासलं, यकृत लहान व्हावं म्हणून दोन आठवडे पातळ खाण्यावर ठेवलं आणि मगच आत घेतलं.

विश्वेशनी तुला ‘सगळं नीट झालं’ एवढंच कळवलं होतं. नीट झालंच, पण मध्येच प्लीहेजवळच्या एका शिरेतून रक्त यायला लागलं होतं. डॉक्टरांनी ते दुर्बिणीतूनच थांबवलं, पोट उघडावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः येऊन मला सांगितलं. “अशा वेळी हाताला सवय असावी लागते,” एवढंच म्हणाल्या. मला एकदम तू आठवलास. तुझ्या टेबलावर मी असते, ते रक्त तुझ्या समोर आलं असतं, आणि तुझं ते बारावं ऑपरेशन असतं. मी वाचलेही असते कदाचित. पण तुझं काय झालं असतं? अंगणात मी जे बोलले, त्याची माफी माग म्हणून मला कुणी सांगितलेलं नाही. मी मागतेय.

हे सगळं मी परवा बाबांना सांगितलं, रक्ताचंसुद्धा. ते सुपारी कातरत ऐकत होते. मग आपली गोष्ट काढली. दोन वर्षांपासून त्यांना हर्निया आहे. आईलाही पत्ता लागू दिला नव्हता. आता दुखायला लागलाय आणि कुडाळच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय, तातडी नाही म्हणाले. मी म्हटलं, चांगला सर्जन शोधूया. तर म्हणाले, “शोधूचो कित्याक? निहाराक विचार. जो माका जमणा नाय म्हणान तोंडार सांगता, तो जमता म्हणालो तर माका आणि कोणाक विचारूक नको.” हर्नियाची तू शेकड्यांनी केलीस, हे त्यांना ठाऊक आहे. कुठून कळलं ते सांगत नाहीत. घरच्या माणसावर हात चालणार नाही असं वाटलं तर तसंच सांग. तू ज्याचं नाव घेशील त्याच्याकडे ते जातील, या वेळी रुसणार नाहीत. ते आपणहून फोन करायचे नाहीत, तुला माहीतच आहे. हे पत्र मिळालं की तूच कर. परवापासून मोबाइल खिशात घालून फिरतायत, आंघोळीला जाताना आईच्या हातात देऊन जातात.

तुझीच,
गौरजाताई