माझ्या टेबलाची विल्हेवाट

मी, टपाल कचेरीतून निवृत्त झालेली कारकून, वय एकाहत्तर, सोमवारी माझं ऑपरेशन असल्याने ही व्यवस्था राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. मंगळवारपर्यंत माझाही तसाच समज होता. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. राहतं घर यजमानांना, त्यांच्या पश्चात मुलीला. यावर वाद नाही.

२. स्वयंपाकघरातलं टेबल. नवरा सुतार असूनही बत्तीस वर्षांपूर्वी ते मी हट्टाने, त्यांना जवळ फिरकू न देता केलं. सांधे जमेनात म्हणून सगळीकडे खिळे ठोकले. यजमानांची कपाटं लोक नावाजतात, पण मला या टेबलापुढे ती फिकीच वाटत आली. मंगळवारी या कलमात वर्णन लिहायचं म्हणून ते उलटं करवलं. एकही खिळा नव्हता. पाय खाचेत नेमके बसवलेले, कायमच्या मेणकापडाखालची फळी वेगळ्याच लाकडाची. मी यजमानांकडे वळले.

"हे कधी केलंत?"

"तू माहेरी गेलीस की एकेक भाग बदलायचो," ते म्हणाले. "अगं, कोसळलं असतं. मग तू पुन्हा करवत हातात धरली नसतीस."

म्हणजे आल्यागेल्यापुढे मी त्यांचंच काम मिरवत होते.

३. धाकटी बहीण. "ताई, तुझं टेबल डुगडुगतं गं," एवढंच ती पहिल्या जेवणाला म्हणाली. तेव्हापासून मी तिच्याशी अबोला धरला. ती खरं बोलत होती. यजमानांना ते ठाऊक होतं आणि तेही गप्प राहिले, याचा राग वेगळा. आईच्या बांगड्या आणि शिवणयंत्र बहिणीला द्यावं. माफी मी स्वतः मागणार आहे. सोमवारच्या आत धीर झाला नाही, तर हे कलम तिला वाचून दाखवावं.

४. यजमानांचं टेबल मुलीला.

५. काल यजमानांनी माळ्यावरून एक गाठोडं उतरवलं. त्यात माझे चार वाकडे पाय आणि चिरलेली फळी. "टाकवेना," म्हणाले. ही लाकडं आज दुपारी मी पुन्हा जोडणार आहे. यजमान तोवर बाहेर बसतील. मी दवाखान्यातून परतले नाही, तर हे टेबल त्यांचं. त्यावर जेवावं. डुगडुगलं तर डुगडुगू द्यावं, हात लावू नये.

सही: वाकडी असली तरी माझीच.
साक्षीदार: वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई, कोपऱ्यावरचे घड्याळजी.
ठिकाण: आमचं स्वयंपाकघर. तारीख: ६ फेब्रुवारी, शुक्रवार.